बस, सायकल आणि वाढतं शहर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बससेवा आणि सायकलच्या रस्त्यांबद्दल बोलायला लागलं की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. शक्यतो ते विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. काहींत राग आहे, तोही तसाच राहू दिला आहे. हव्या त्या प्रश्नापासून वाचा. एका उत्तरातला मुद्दा दुसऱ्यात लागतो तिथे क्रमांक दिला आहे. वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, असं सगळीकडे धरलं आहे.

१. गाड्या वाढल्यात, तर रस्ते रुंद करा. एवढं सरळ उत्तर असताना बस आणि सायकल मध्ये कुठून आली?

रुंद केलेला रस्ता सुरुवातीचे काही महिने खरोखरच मोकळा वाटतो आणि तिथेच फसगत होते. रस्ता मोकळा आहे म्हटल्यावर गर्दी टाळायला लवकर निघणारे पुन्हा ऐन वेळेला निघतात, बसने जाणारे गाडी बाहेर काढतात आणि काही वर्षांत लोक घरंही आणखी लांब घेतात. अर्थतज्ज्ञ अँथनी डाऊन्स यांनी हे १९६२ मध्येच मांडलं होतं. २०११ मध्ये जिल्स ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली. महामार्गांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळपास तितक्याच टक्क्यांनी वाहनांची धावही वाढते, असं त्यात दिसलं. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद होऊन जगातल्या सर्वांत रुंद महामार्गांत जाऊन बसला; पुढच्या काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

रस्ते बांधूच नयेत असं कोणी म्हणत नाही. नव्या वस्तीला रस्ता लागतोच. कोंडीवरचा उपाय म्हणून मात्र रुंदीकरण टिकत नाही.

२. आम्ही अर्धा तास अडकून पडतो आणि शेजारची बस मार्गिका रिकामी! ही उधळपट्टी नाही का?

ती रिकामी दिसते, कारण तिथे काही अडकत नाही. मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ६० माणसं धरा. तासाला ३,६०० झाली. तरीही कडेला उभं राहून पाहिलं तर प्रत्येक मिनिटातले पन्नासेक सेकंद मार्गिकेत काहीच नसतं. शेजारी गाड्या चाकाला चाक लावून उभ्या असतात, पण शहरात, जिथे दर थोड्या अंतरावर सिग्नल लागतो, तिथे एका मार्गिकेतून तासाला साधारण ६०० ते १,६०० माणसंच गाडीने पुढे जातात. तेवढीच रुंदी सायकलींना दिली तर हा आकडा ७,००० च्या आसपास जाऊ शकतो. कोलंबियातल्या बोगोटात २००० साली सुरू झालेल्या ट्रान्समिलेनियो बससेवेत थांब्यांवर एका बसला दुसरी ओलांडता येते. तिथल्या सर्वांत गजबजलेल्या भागात एका दिशेने तासाला ४०,००० हून अधिक माणसं गेली आहेत.

मात्र तासाला पाच-सहाच बस जात असतील, तर तुमचा राग रास्त आहे. मार्गिका आधी, बस नंतर बघू, अशा कारभाराने चांगली कल्पना बदनाम होते.

३. मेट्रो होतेच आहे. मग बसवर खर्च कशाला?

मेट्रो एका रेषेवरचा मोठा भार उचलते. त्या रेषेपासून चालत जाण्याच्या टप्प्यात शहराचा थोडाच भाग येतो. उरलेल्यांना स्टेशनपर्यंत पोहोचवायचं काम बस, सायकल आणि फुटपाथचंच. शिवाय मेट्रोला वर्षं लागतात. बसची मार्गिका ठरवलं तर काही महिन्यांत होते. ब्राझीलमधल्या कुरितिबाने रेल्वेचा खर्च टाळून १९७४ मध्ये बससाठी स्वतंत्र रस्ते सुरू केले आणि १९९१ मध्ये नळकांड्यांसारखे थांबे आणले: तिकीट आत शिरताना, फलाट बसच्या दाराच्या उंचीला. बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे स्वतंत्र मार्गावरची जलद बससेवा) म्हणून आज जे ओळखलं जातं, त्याची बीजं तिथली.

मेट्रो असलेल्या शहरात बघायची गोष्ट वेगळी आहे. स्टेशनच्या जिन्यातून वर आल्यावर बसथांबा समोर आहे, की रस्ता ओलांडून वळसा घालून जावं लागतं? एकच तिकीट दोन्हीकडे चालतं का? दक्षिण कोरियातल्या सोलने जुलै २००४ मध्ये बससेवेची फेरमांडणी केली तेव्हा बस आणि मेट्रोचं भाडं एकत्र करून एकूण अंतरावर लावलं. गाडी बदलली म्हणून पुन्हा पहिल्यापासून भाडं, हा दंड संपला.

४. बस वाढवल्या की सेवा सुधारते ना? मग एवढी चर्चा कशाची?

हिशेब करून बघू. १२ किलोमीटरचा मार्ग, म्हणजे जाऊन-येऊन २४. बसचा सरासरी वेग ताशी १२ किलोमीटर असेल तर एका फेरीला दोन तास लागतात. (टोकाचा विसावा सोपेपणासाठी सोडून देऊ.) मार्गावर १२ बस असतील तर थांब्यावर दर १० मिनिटांनी बस येते.

आता बसला स्वतंत्र मार्गिका दिली, सिग्नलला थोडं प्राधान्य दिलं आणि वेग १६ वर गेला. फेरी दीड तासात पुरी होते. त्याच १२ बस, तेच चालक, पण बस आता दर साडेसात मिनिटांनी. आगारात एकही नवी गाडी आलेली नाही.

उलटंही बघा. मार्गिका दिली नाही, कोंडी वाढली, वेग ९ वर आला. फेरीला दोन तास चाळीस मिनिटं लागतात आणि तेवढ्याच बस असताना थांब्यावर तेरा मिनिटांहून जास्त खोळंबा होतो. पुन्हा १० मिनिटांवर यायचं तर १६ बस लागतील. चार नव्या बस, त्यांचे चालक, त्यांचं इंधन, आणि प्रवाशाच्या दृष्टीने सगळं कालच्याच जागी. नवी बस दाखल झाल्याचे सोहळे होतात. ती रस्त्यावर ताशी किती किलोमीटरने धावते हे कोणी विचारत नाही, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

दुसरी गोष्ट वक्तशीरपणाची. वीस मिनिटं काहीच नाही आणि मग तीन बस एकामागोमाग, हा अनुभव सगळ्यांचाच. दोष बहुधा चालकाचा नसतो. पहिली बस कुठेतरी दोन मिनिटं अडकते, पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागची बस रिकामी, त्यामुळे भराभर येऊन तिला गाठते. चढण्याआधीच तिकीट, सगळ्या दारांतून चढ-उतार आणि मोकळी मार्गिका यांनी ही साखळी तुटते.

साधारण १० मिनिटांच्या आत बस येत असेल तर माणूस वेळापत्रक पाहायचं सोडतो आणि सरळ थांब्यावर जातो. हे दुपारी आणि रात्रीही पाळावं लागतं. परतीची शेवटची बस चुकेल ही धास्ती असलेला माणूस सकाळीही बसने जात नाही.

५. वेग वाढवायला थांबे कमी करणार म्हणे. म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?

प्रत्येक थांब्याला वेग कमी करणं, दार उघडणं, पुन्हा वेग घेणं यात साधारण २० ते ३० सेकंद जातात. वरच्याच १२ किलोमीटरच्या मार्गावर थांबे ३०० मीटरऐवजी ४०० मीटरवर ठेवले तर ४० चे ३० होतात आणि एका दिशेला चार-पाच मिनिटं वाचतात. दोन थांब्यांच्या बरोबर मधे राहणाऱ्याला ५० मीटर जास्त चालावं लागतं.

पण हे ५० मीटर कसले आहेत ते बघा. सपाट, सलग फुटपाथ असेल तर ठीक. उखडलेल्या फरशा आणि मधे उभी गाडी असेल तर गुडघे दुखणाऱ्याला तेच अशक्य होतं. रुग्णालय, बाजार, वृद्धांची वस्ती इथले थांबे नकाशावर जवळजवळ दिसले तरी ठेवावेत.

६. काही शहरांनी बीआरटी करून परत उखडून टाकली. मग पुन्हा तोच खड्डा कशाला?

दिल्लीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा तुकडा रस्त्याच्या मधोमध सुरू झाला. सगळ्या मार्गांच्या सगळ्या बस त्यात येत, थांबे चौकालगत होते आणि सिग्नलचे फेरे लांबलचक. बसप्रवाशांचा वेळ वाचला, गाडीवाल्यांचा वाढला. उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बीआरटीविरोधातली याचिका फेटाळली, तरी २०१६ मध्ये बीआरटी काढून टाकली गेली. अहमदाबादच्या जनमार्गने २००९ मध्ये वेगळी वाट धरली: मार्गिकेत फक्त ठरलेल्या बस, बसच्या उंचीचे फलाट, आधी तिकीट.

माझं मत असं की तुकड्यात केलेली बीआरटी स्वतःच्या विरोधातला पुरावा तयार करते. पाच-सहा किलोमीटरनंतर बस पुन्हा त्याच कोंडीत शिरणार असेल, तर वाचलेली मिनिटं प्रवाशाला जाणवण्याआधीच संपतात. आणि सिग्नलची वेळ नीट बांधली नाही, तर रोष चुकीच्या गोष्टीवर निघतो.

७. सरळ बस फुकट करून टाकली तर?

एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ मध्ये रहिवाशांना प्रवास मोफत केला, लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभर. टॅलिनमध्ये प्रवासी वाढले, पण त्यांत आधी चालत जाणारेही बरेच होते. गाड्यांची संख्या अपेक्षेइतकी घटली नाही. ज्याच्या दारात गाडी आहे त्याला तिकिटाचे पैसे फारसे नडत नाहीत, वाट पाहणं नडतं (प्रश्न ४). ज्यांना भाडं खरंच परवडत नाही त्यांना सवलतीचा पास द्या आणि उरलेल्या पैशात फेऱ्या वाढवा, असं मी म्हणेन.

८. सायकल ट्रॅक बांधले, ते ओस पडलेत. लोकांनाच नको असेल तर?

आधी तो ट्रॅक सायकलवरून एकदा पार करा. मी अशाच एका ट्रॅकवर दोन किलोमीटरमध्ये कितीदा उतरावं लागतं ते मोजलं होतं: नऊदा. एकदा विजेच्या पेटीमुळे, एकदा ट्रॅक अचानक संपून झाड आल्यामुळे, बाकीच्या वेळा उभ्या वाहनांमुळे. जो रस्ता असा मधेमधे तुटतो, त्यावर तुम्ही गाडी तरी न्याल का?

स्पेनमधल्या सेव्हिलने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच्या उलट केलं. थोडंथोडं बांधत न बसता सुमारे ८० किलोमीटरचं सलग, वाहनांपासून वेगळं जाळं एका दमात उभं केलं आणि पुढे ते १२० पर्यंत नेलं. काही वर्षांत रोजच्या सायकल फेऱ्या जवळपास दसपट झाल्या. तिथे सायकलची जुनी परंपरा वगैरे काही नव्हती.

९. पांढरा पट्टा मारला, सायकलचं चित्र काढलं. एवढं पुरे नाही का?

जो आधीच सायकल चालवतो त्याला चालून जाईल. शाळेत जाणाऱ्या मुलीला तिचे आईवडील तेवढ्या भरवशावर सोडणार नाहीत, आणि ट्रॅक बांधायचा तो तिच्यासाठी. वेगाने वाहणाऱ्या रस्त्यावर मधे काहीतरी घट्ट हवं: कठडा, झाडांची पट्टी किंवा उंच केलेला ट्रॅक. एकेरी ट्रॅक किमान २ मीटर रुंद असावा, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या पुढे जाता येतं.

सर्वांत वाईट जागा म्हणजे उभ्या गाड्यांना चिकटून रंगवलेला पट्टा. गाडीचं दार उघडलं की जवळपास मीटरभर जागा खातं आणि सायकलस्वाराला थांबायला सेकंदही मिळत नाही. पार्किंग ठेवायचंच असेल तर ट्रॅक फुटपाथच्या बाजूला घ्या, गाड्या त्याच्या बाहेर लावा आणि मधे दाराएवढी पट्टी सोडा. नेदरलँड्समध्ये दार लांबच्या हाताने उघडायला शिकवतात, म्हणजे खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा दिसतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही २०२२ पासून ही सूचना आहे. फुकटातली सवय आहे, आजपासून लावून घ्या.

१०. ट्रॅक चौकापर्यंत छान आहे, पण चौकात जीव मुठीत धरावा लागतो. इलाज?

सायकलला खरा धोका चौकातच असतो आणि बहुतेक ट्रॅक नेमके तिथेच संपतात. नेहमीचा प्रसंग असा: सायकलस्वार डावीकडून सरळ निघाला आहे, शेजारचा ट्रक डावीकडे वळतो आहे. वळताना सायकल ट्रकच्या बाजूला, चालकाच्या अगदी आंधळ्या कोपऱ्यात असते. चालक आरशात पाहतो, पण तिथे ती दिसतच नाही.

डच पद्धतीच्या चौकात कोपऱ्यावर एक छोटं बेट असतं. त्यामुळे वळणाऱ्या वाहनाला वेग कमी करून पूर्ण वळसा घ्यावा लागतो. सायकलचं क्रॉसिंग चौकापासून साधारण एक गाडी मावेल इतकं, पाचेक मीटर, मागे घेतलेलं असतं. वाहन त्या क्रॉसिंगपाशी पोहोचतं तेव्हा ते जवळजवळ वळून झालेलं असतं. सायकलस्वार त्याच्या समोरच्या काचेत काटकोनात दिसतो, आणि थांबायला वाहनाला हक्काची जागा मिळते. सायकलींची थांबण्याची रेघ गाड्यांच्या पुढे असते, आणि सिग्नल काही सेकंद आधी हिरवा होतो.

दुहेरी ट्रॅक रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवल्याने जागा वाचते, पण चौकात चालकाला अपेक्षित नसलेल्या दिशेने सायकल येते. नदीकाठी किंवा रेल्वेमार्गालगत, जिथे फाटे कमी, तिथे तो ठीक. दर शंभर मीटरवर गल्ली असेल तर टाळावा.

११. मोटारसायकली ट्रॅकमध्ये घुसतात. खांब लावून बंद करा ना!

जी फट मोटारसायकलला अडवते ती तीनचाकी सायकलला, व्हीलचेअरला आणि बाळाच्या ढकलगाडीलाही अडवते. साधारण दीड मीटर अंतराच्या खांबांनी मोटारी थांबतात, दुचाकी नाही. लोखंडी चक्रव्यूह उभारून ट्रॅकच निरुपयोगी केल्याची उदाहरणं भरपूर आहेत. त्यापेक्षा दुचाकी तिथे का शिरते ते पाहा. बहुधा पुढे दुभाजकाला लांबचा वळसा असतो किंवा सिग्नल फार लांब असतो. ते दुरुस्त करा आणि बाकीच्यांसाठी दंड ठेवा.

१२. आमचा रस्ता जेमतेम नऊ मीटरचा. ट्रॅक आणि बस मार्गिका बसवायची कुठे?

कुठेही नाही. अशा रस्त्याला ट्रॅक लागत नाही, वेग कमी लागतो. ताशी ३० ने येणाऱ्या चालकासमोर मूल धावत आलं, तर भान येऊन ब्रेक लागून गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ने येणाऱ्या चालकाचा पाय तेवढ्या अंतरात ब्रेकवर पोहोचलेलाही नसतो. ज्या जागी पहिली गाडी उभी राहिली तिथून दुसरी पूर्ण वेगाने जाते. स्पेनने मे २०२१ पासून प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या शहरी रस्त्यांवर ३० ची मर्यादा देशभर लावली. हेलसिंकीत वर्षानुवर्षं वेग उतरवत आणल्यावर २०१९ मध्ये एकही पादचारी वाहतुकीत दगावला नाही.

पाटी लावून वेग कमी होत नाही, हेही खरं. उंच केलेली क्रॉसिंग, अरुंद केलेली तोंडं हवीत. आणि आरपार जाणारी वाहतूक तोडावी लागते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले: सायकलने एका भागातून दुसऱ्यात सरळ जाता येतं, गाडीने बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊनच यावं लागतं. प्रत्येक घरापर्यंत गाडी जाते, फक्त मधून आरपार जात नाही. बेल्जियममधल्या गेंटने २०१७ मध्ये असंच केलं.

१३. पार्किंग गेलं की आमचा धंदा बसणार. दुकानदारांचा विचार कोण करतं?

किती गिऱ्हाईक गाडीने येतं याचा दुकानदारांचा अंदाज बहुतेक वेळा जास्तच असतो. ब्रिस्टलमध्ये दुकानदारांना वाटत होतं ४१ टक्के. ग्राहकांना विचारलं तेव्हा निघाले २२. दोष त्यांचा नाही: गाडी लावायला जागा मिळाली नाही अशी तक्रार गल्ल्यावर ऐकू येते, बसने आलेला काही बोलत नाही. टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर २०१६ मध्ये सायकल मार्गिका आल्या, त्यानंतरच्या पाहणीत ग्राहकांच्या भेटी आणि खर्च वाढलेलेच दिसले.

खरी अडचण माल उतरवण्याची असते आणि आराखड्यात ती हमखास विसरली जाते. प्रत्येक ठरावीक अंतरावर मालासाठी राखीव जागा आणि तिची वेळ ठरवून द्या. नाहीतर टेम्पो ट्रॅकमध्येच उभा राहील, आणि त्याला दोष देता येणार नाही. खुदाई चालू असताना होणारं नुकसान मात्र खरं असतं. काम छोट्या टप्प्यांत, पण प्रत्येक टप्पा एका दमात उरकणं हाच त्यावरचा उतारा.

१४. ऊन, पाऊस, चढ. इथे कोण चालवणार सायकल?

सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. फिनलंडच्या औलूमध्ये लोक बर्फातही चालवतात, कारण सायकलच्या वाटा नेमाने साफ होतात. चढासाठी बॅटरीवरची सायकल आहे. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमने तर १९९३ मध्येच पाय टेकवून वर ढकलणारी सायकल-लिफ्ट बसवली. झाडांची सावली आणि पाणी न साचणारा ट्रॅक या दोन गोष्टी मात्र आराखड्यातच हव्यात. जोराच्या पावसात बसने जावं. सायकलवाल्याने रोज सायकलच न्यावी असा नियम नाही.

१५. रस्ता अरुंद झाला तर अॅम्ब्युलन्स कशी जाणार?

कोंडीत अडकलेल्या तीन मार्गिकांपेक्षा एक मोकळी बस मार्गिका तिला जास्त उपयोगी. नेदरलँड्समध्ये रुंद सायकल ट्रॅकवरूनही अॅम्ब्युलन्स जातात. आराखडा पक्का होण्याआधी अग्निशमन दलाची मोठी गाडी प्रत्येक वळणावरून प्रत्यक्ष फिरवून पाहा.

१६. बसथांब्यामागून सायकल ट्रॅक नेलाय. अंध माणसाला तो ओलांडायचा कसा?

हा प्रश्न नेहमी उशिरा विचारला जातो. ट्रॅक थांब्यामागून नेल्याने बस आणि सायकलची रस्सीखेच संपते, पण सायकल आवाज करत नाही, त्यामुळे दृष्टिहीन माणसाला ती कळत नाही. तिथे ट्रॅक फुटपाथच्या उंचीला आणून सायकलचा वेग उतरवणं, एकाच ठरलेल्या जागी झेब्रा पट्टे आणि पायाला जाणवणाऱ्या फरशा, एवढं किमान हवं. थांब्याची जागा फारच अरुंद असेल तर ही रचना करूच नये. ज्यांना अपंगत्वामुळे गाडीशिवाय गत्यंतर नाही, त्यांचं दारापर्यंतचं पार्किंग कोणत्याही योजनेत अबाधित राहिलं पाहिजे (प्रश्न १३ मधली कपात त्यांना लागू नाही).

१७. मुख्य रस्त्यावरची जागा काढली तर सगळी वाहतूक आमच्या गल्लीत शिरेल!

काही शिरेल, विशेषतः पहिले काही आठवडे. सगळी मात्र शिरत नाही. जागा वाढली की वाहनं वाढतात (प्रश्न १), तसं जागा घटली की काही फेऱ्या विरून जातात: कोणी वेळ बदलतो, कोणी दोन कामं एका खेपेत उरकतो, कोणी बस धरतो. सोलने २००३ मध्ये चोंगेचोन ओढ्यावरचा उन्नत मार्ग पाडायला घेतला, तेव्हा त्या पट्ट्यातून रोज दीड लाखाहून जास्त वाहनं जात होती. २००५ मध्ये तिथे ओढा पुन्हा वाहू लागला आणि शहर ठप्प झालं नाही. बससेवेची फेरमांडणी त्याच काळात केली होती (प्रश्न ३), हे सांगताना बरेचजण विसरतात. गल्ल्यांसाठी प्रश्न १२ मधली आडवणूक मुख्य रस्त्याच्या कामाबरोबरच करा, नंतर नको.

१८. मध्य शहरात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावावं का?

चालतं, सिंगापूरमध्ये १९७५ पासून, लंडनमध्ये २००३ पासून आहे. पण क्रम महत्त्वाचा. स्टॉकहोमने ऑगस्ट २००५ मध्ये जादा बस सोडल्या आणि जानेवारी २००६ मध्ये शुल्काचा सात महिन्यांचा प्रयोग सुरू केला. हद्दीवरची वाहतूक सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते; प्रयोगानंतर सप्टेंबरमध्ये शहरात सार्वमत झालं ते बाजूने. २००७ मध्ये शुल्क कायम झालं. पर्यायी बस नसताना लावलेलं शुल्क म्हणजे नुसता कर.

१९. एकदम पक्कं बांधण्याआधी तात्पुरता प्रयोग करून बघायला काय हरकत आहे?

काहीच नाही. बोगोटात १९७४ पासून रविवारी मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात, आणि २०२० मध्ये तिथे प्लास्टिकचे शंकू ठेवून आखलेल्या सायकल मार्गिकांपैकी काही पुढे कायम झाल्या. फक्त प्रयोग घरापासून शाळेपर्यंत किंवा स्टेशनपर्यंत सलग जाणाऱ्या मार्गाचा करा, मधल्या चौकांसकट. चौक वगळून केलेला प्रयोग प्रश्न ८ मधल्या ट्रॅकसारखाच ओस पडतो. सुट्टीचे दिवस आणि शाळेचे दिवस दोन्ही त्यात यायला हवेत, म्हणजे मुदत निदान काही महिन्यांची.

मोजणी प्रयोगाआधी सुरू करा. किती सायकली गेल्या याबरोबर त्यांत बायका किती, मुलं किती, साठीपुढचे किती हेही लिहा. रस्ता सुरक्षित वाटतो की नाही ते त्यावरून लगेच कळतं. आणि चौकात गाड्या मोजणारं यंत्र बसवलेलं असलं तरी एका माणसाला वही घेऊन उभं करा, कारण बसमध्ये बसलेली साठ माणसं यंत्र एक वाहन म्हणून मोजतं.